आधी सांगू नको

खोली पाहायला मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा सोबत दलाल होता. दलालाने तोंड उघडलं, "सर, ही मुलगी मिहानमधल्या कंपनीत..." एवढ्यात आतून आलेल्या उंच, किंचित वाकलेल्या म्हाताऱ्याने हात वर करून त्याला गप्प केलं.

"आधी सांगू नको गा. तिले आधी खोली पाहू दे."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वर जा. हा जे सांगेल ते ऐकू नको. तुझ्या डोळ्यांना काय दिसते ते मले येऊन सांग."

मी वर जाऊन आले. खोली नीटनेटकी होती, पण वर थेट गच्ची आणि पश्चिमेला खिडकी. काटोलच्या घरात वाढलेल्या पोरीला पश्चिमेची खिडकी म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. मी म्हटलं, "उन्हाळ्यात तापेल." दलालाने कपाळावर हात मारला. म्हातारा मात्र पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखा खूश झाला. "तापेल काय, भट्टी आहे भट्टी! आजवर एकानं सांगितलं नाही. घे खोली." आतून काकूंचा आवाज आला, "भाड्याचं मले विचार वं. यायले विचारू नको, ते तुलेच विचारत बसतील."

असे ते काका. मी त्यांना काका म्हणायची, कॉलनी त्यांना पेंग्विन काका म्हणायची. आता ते घर विकलं गेलं आहे आणि काकाही नाहीत. पण आजही कुणी एखादी गोष्ट सांगायला सुरुवात केली की माझ्या तोंडाशी त्यांचं वाक्य येतं आणि पाठोपाठ थोडी लाजही येते. ती का, ते पुढे येईलच.

पेंग्विन काका या नावाचा त्यांना मनस्वी राग होता. नागपूरच्या महाल वस्तीत जन्मलेला माणूस. नागपुरातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो मैल लांब. अशा गावातून उठून हे गृहस्थ माशांचे शास्त्रज्ञ झाले आणि पृथ्वीच्या पार तळाशी, बर्फाच्या समुद्रात, जहाजांवर जाऊन आले. एकदा नाही, बऱ्याचदा. लोकांना त्यातलं फक्त पेंग्विन तेवढं कळायचं. कुणी विचारलं की काका म्हणायचे, "मी काय पेंग्विन पाहायले गेलो होतो? सहल होती का ती? मी मेलेल्या माशांची वयं मोजत होतो, दिवसभर, एका डबीएवढ्या खोलीत."

वयं मोजणं म्हणजे काय, ते त्यांनी मला मागच्या ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून दाखवलं. त्यासाठी दर रविवारी मला स्कूटरवरून त्यांना मासळी बाजारात न्यावं लागायचं. काका पक्के शाकाहारी. तरी बाजारातली मावशी त्यांना पाहताच ओरडायची, "आला वं आला, माया डोकेवाला आला!" कारण काका मासा कधी घेत नसत, मरळीचं नुसतं डोकं घेत. मावशीने एक डोकं उचललं, "हे पाहा बाबाजी, ही मोठी..." की यांचा हात वर. "आधी सांगू नको माय. मासा केवढा होता ते मले बिलकुल सांगू नको." मावशी माझ्याकडे पाहून डोळा मारायची. आजूबाजूची गिऱ्हाईकं हसायची. मी हेल्मेट काढायचीच नाही.

घरी आल्यावर काका चिमट्याने त्या डोक्यातून तांदळाच्या कणीएवढे दोन पांढरे खडे काढत. माशाला बाहेरून कान दिसत नाहीत, पण आत असतात, आणि त्यात हे खडे असतात. मासा वाढतो तसा खडा वाढतो. थंडीत वाढ मंदावली की एक रेघ उमटते, झाडाच्या खोडात उमटते तशी. खडा कापायचा, घासून पातळ चकती करायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि रेघा मोजायच्या. जितक्या रेघा, तितकी वर्षं. बर्फाच्या समुद्रातला टूथफिश नावाचा मोठा मासा माणसासारखा सावकाश वाढतो, चाळीस-पन्नास वर्षंही जगतो. त्याची वयं नीट कळली तर तो किती हळू वाढतो ते कळतं, आणि ते कळलं तर समुद्रातून दरवर्षी किती काढायचे, किती ठेवायचे, ते ठरवता येतं.

"देशोदेशीचे लोक टेबलाभोवती बसतात, भांडतात आणि एक आकडा ठरवतात," काका सांगत. "जहाजं त्या आकड्यावर चालतात. तिथले सील, देवमासे, सगळ्यांचं पोट त्या आकड्यावर आहे. आणि आकड्याच्या तळाशी काय आहे? हा खडा. आणि खड्यावर कोणाचा डोळा आहे? माझ्यासारख्या कोणातरी गाढवाचा."

या कामाचा एक कडक नियम होता, आणि काकांचं उरलेलं आयुष्य त्या एका नियमावर उभं होतं. रेघा मोजणाऱ्याला मासा केवढा होता ते आधी कळता कामा नये. दुसऱ्या कुणी किती मोजल्या तेही कळता कामा नये. दोघांनी वेगळ्या खोल्यांत बसून मोजायचं, मग आकडे समोरासमोर आणायचे. कारण रेघा कधी स्वच्छ नसतात. पुसट असतात, एकीला दुसरी चिकटलेली असते. अशा वेळी मासा लहान होता हे माहीत असलं की माणूस दोन रेघांची एक करतो. मोठा होता हे माहीत असलं की एकीच्या दोन करतो. मुद्दाम करत नाही, होऊन जातं. काका म्हणायचे, "आधी कळलं की डोळा लाच खातो."

हा नियम प्रयोगशाळेत ठीक आहे. काकांनी तो घरात आणला होता. काकूंना ताप आला की आधी काका हात लावून किती ताप ते मनाशी ठरवणार, मग मला वरून हाक मारणार, मी थर्मामीटर पाहायचा, आणि मग दोघांनी आकडे सांगायचे. तोवर काकू तापाने फणफणत म्हणायच्या, "एखादी गोळी तरी द्या रे कोणी!" डॉक्टरकडे गेले की वय सांगायचे नाहीत. "तुम्ही तपासा आणि तुम्हीच ठरवा. मी सांगितलं की तुम्ही म्हणाल, वयच झालं." इतवारी बाजारात भांडी घ्यायला गेले की किमतीच्या चिठ्ठीवर अंगठा ठेवून भांडं निरखत बसायचे. दुकानदार काही बोलू लागला की, "आधी सांगू नको गा!" मागे खोळंबलेली गर्दी मला विचारायची, "आजोबाले काही प्रॉब्लेम आहे का?" मी म्हणायची, "माझे नाहीत, मी भाडेकरू आहे."

हे वाक्य मी बऱ्याचदा म्हटलं.

सगळ्यात मोठी फजिती झाली बाबांसमोर. माझे बाबा काटोलहून एसटीने आले, खांद्यावर आमच्या बागेतल्या संत्र्यांचं पोतं. आमच्याकडे पाहुण्याच्या हातात संत्रं देताना एक वाक्य म्हटल्याशिवाय संत्रं दिल्यासारखं होत नाही. बाबांनी पोतं सोडलं, चांगलं भारी संत्रं निवडून काकांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "खाऊन पाहा साहेब, साखर हाये साखर!"

काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. संत्रं घरंगळत सोफ्याखाली गेलं.

"सांगितलं तुम्ही," ते कळवळून म्हणाले. "आता मले ते गोडच लागणार. आता काही खरं नाही."

बाबा माझ्याकडे पाहायला लागले. काकूंनी घाईघाईने चहा टाकला. काकांनी संत्रं खाल्लं नाही. परतताना स्टँडवर बाबा एवढंच म्हणाले, "बेटा, दुसरी खोली पाह्यली असती तर बरं झालं असतं." बागेतलं फळ नाकारणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर दार लावणं. मला काकांचा इतका राग आला, आणि बाबांसमोर इतकी शरम वाटली, की आठवडाभर मी खाली उतरले नाही. ऑफिसात मात्र काकांची नक्कल करून मी सगळ्यांना हसवलं. दोन्ही कानांवर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "आधी सांगू नको गा!" आमच्या मजल्यावर ते चालूच झालं. कुणी मॅचचा स्कोर सांगायला लागलं की चार जण कानांवर हात ठेवायचे.

त्या वर्षी कॉलनीच्या शारदोत्सवात काकांचा सत्कार ठरला. माझं मराठी बरं म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. काका आधी नाही म्हणत होते, मग अचानक हो म्हणाले. त्या होकाराचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. मंडप भरला होता. सेक्रेटरींनी भाषण केलं, आपल्या कॉलनीचं भूषण, नागपूरचा झेंडा बर्फावर रोवणारे वगैरे वगैरे. शाल झाली, नारळ झाला. मी माइक काकांच्या हातात दिला.

"मी माशांची वयं मोजत होतो," काका म्हणाले. "काही चुकीची मोजली. दिसलं नाही म्हणून चुकलो असं नाही. पाहायचं नव्हतं ते पाहून मोजली. माझा आकडा तसाच पुढे पाठवला गेला. आणि तिथे..."

मंडपात चुळबुळ सुरू झाली. मागून एका पोट्ट्याने ओरडून विचारलं, "आजोबा, पेंग्विन चावते का?" आणि सगळा मंडप सुटल्यासारखा हसला. सेक्रेटरींनी मला हाताने कात्री चालवल्यासारखी खूण केली. मी पुढे झाले, काकांच्या हातातून माइक घेतला आणि छानपैकी हसून म्हटलं, "धन्यवाद सर! वेळेअभावी आपण आता वळू या संगीतखुर्चीकडे."

"माझं संपलं नाही वं," काका मला म्हणाले. फक्त मला ऐकू जाईल इतकं हळू.

मी गाणं लावायला सांगितलं. खुर्च्या मांडेपर्यंत ते तिथेच उभे होते, अंगावर शाल आणि हातात नारळ. बायका त्यांना वळसा घालून खुर्च्यांकडे जात होत्या. शेवटी काकूंनी येऊन त्यांना धरून नेलं. मला त्यांची लाज वाटली होती, हे मी अगदी खरं सांगते. असा माणूस आपल्या घराचा मालक आहे, याची लाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर ते ओट्यावर बसले होते. मी गाडी काढत असताना त्यांनी, काल जिथे माइक काढून घेतला होता तिथूनच, बोलायला सुरुवात केली. मला थांबावंच लागलं.

जहाजावर प्रत्येक खडा एका पाकिटात असायचा. पाकिटाच्या एका बाजूला माशाची लांबी लिहिलेली, दुसरी बाजू कोरी. पाकीट कोऱ्या बाजूने उचलायचं, हा रिवाज. त्या फेरीत काकांसोबतचा दुसरा मोजणारा आजारी पडला. जहाज सतत हलत होतं. सूक्ष्मदर्शकात डोळा घातला की रेघा एकमेकींत मिसळायच्या. काम साचत गेलं. आणि एके दिवशी, एका पुसट खड्यापाशी अडल्यावर, काकांनी पाकीट उलटलं.

"लांबी पाहिली. मासा लहान होता. म्हटलं, लहान आहे म्हणजे कोवळाच असेल. दोन रेघांची एक केली. लगेच जमलं गा सगळं!" राग आला की ते मलाही गा म्हणत. "मग पुढचं पाकीट उलटलं. मग त्याच्या पुढचं. काम झपाझप झालं. कप्तानानं पाठ थोपटली माझी."

"पण लहान मासा कोवळाच असणार ना, काका?"

"नाही ना! तिथला मासा लहान दिसते आणि म्हातारा असते. तेच तर कळायचं होतं. मी म्हाताऱ्याले पोट्टा ठरवलं. कागदावर मासा भराभर वाढायला लागला. भराभर वाढते ना, मग काढा अजून. काय हरकत आहे?"

परत आल्यावर त्यांनी हे साहेबांना सांगितलं होतं. साहेब भला माणूस. तो म्हणाला, अहो, एवढ्या मोठ्या ढिगात तुमचे चार खडे, त्याने काय फरक पडतो? बाकीच्यांच्या मोजणीत ते विरून जाईल. काकांनी खडे पुन्हा मोजा म्हणून मागे लकडा लावला. निवृत्त झाल्यावरही लावला. पुन्हा मोजायला माणसं नव्हती. काकांना मोजू देण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांना आकडे पाठ होते. दरम्यान त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध डाग आला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माझा चेहरा पाहायचा असला तर ते माझ्या कानाकडे बघत. म्हणजे बाजारातून आणलेल्या त्या डोक्यांतले खडे ते फक्त काढत होते. मोजत नव्हतेच. मोजता येतच नव्हतं.

"काढता कशाला मग?" मी विचारलं.

"हाताची सवय," ते म्हणाले आणि आत गेले.

आता ऑफिसचं सांगते. आमच्या कंपनीत यंत्रांना शिकवायचं काम चालतं. यंत्राला फोटोतली वस्तू ओळखायला शिकवायची तर आधी माणसांनी हजारो फोटोंवर खुणा करून द्याव्या लागतात. त्या खुणा आम्ही करायचो. कधी रस्त्यावरची वाहनं, कधी रोग पडलेली पानं. दिवाळीच्या तोंडावर नवं काम आलं. पडद्यावर पहिला फोटो उघडला आणि मला ओळखीचं काहीतरी दिसलं. कापून घासलेली चकती, तीत एकाआड एक काळ्या-पांढऱ्या रेघा.

टीम लीड म्हणाला, "काही नाही यार, माशाच्या कानातले दगड आहेत. जुन्या फेऱ्यांचे. रेघांवर टिंब द्यायचे, बस. मशीन पुढे आपोआप मोजेल."

फोटोच्या कोपऱ्यात एक आकडा होता. जुन्या मोजणाऱ्याने त्या खड्यावर मोजलेल्या रेघांचा. तो लपवायचा, असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिकडे ज्यांनी फोटो पाठवले त्यांनी लपवला नाही, इकडे आम्ही विचारलं नाही. आम्ही सगळे आधी कोपरा पाहायचो. चौदा असेल तर चौदा टिंबं बसवायचो. पंधरावी दिसत असली तरी ती रेघ नाही, सावली आहे असं समजायचो. काम झपाझप व्हायचं. लीडने आमची पाठ थोपटली.

आणि मी, जिला एका माणसाने ओट्यावर बसवून अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं होतं, तीही कोपराच पाहत होते. मला माहीत नव्हतं असं नाही. चार दिवस मी मनाशी म्हणत होते की हे वेगळं आहे, हे नुसतं टिंबांचं काम आहे. एकदा तर शेजारचा म्हणाला, "तुझ्या काकाले विचार ना, किती रेघा आहेत ते," आणि त्याने कानांवर हात ठेवले. मीही हसले.

शनिवारी काम घरून होतं. वर उकडत होतं म्हणून मी लॅपटॉप घेऊन काकूंच्या जेवणाच्या टेबलावर बसले. काका शेजारी बसून पोहे खात होते. नजर कडेला ठेवून ते पडद्याकडे पाहत राहिले. नेमकी रेघ त्यांना दिसणं शक्य नव्हतं, पण चकतीचा आकार दिसला असावा. चमचा थांबला.

"खडा आहे."

"हो."

"कुठला?"

"दक्षिणेचा म्हणतात."

"जुना?"

"हो. जुन्या फेऱ्यांचे आहेत. यंत्र शिकवायला दिलेत."

त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. ते खडे त्यांचेच होते की नाही, हे मला आजही माहीत नाही. त्यांना तर कळण्याचा काही मार्गच नव्हता. पण इतकी वर्षं ज्या पुन्हा मोजण्यासाठी ते लोकांचे उंबरे झिजवत होते, ते पुन्हा मोजणं त्यांच्याच घरात, त्यांच्याच टेबलावर चालू होतं. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला तो बघवेना.

मग त्यांनी माझ्या कानाकडे पाहत, म्हणजे माझ्या चेहऱ्याकडे पाहत, विचारलं, "जुना आकडा आधी पाहत नाही ना तू?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. त्यांना दिसत नव्हतं. काकू मागून मला हाताने खुणावत होत्या, नाही म्हण, नाही म्हण. म्हाताऱ्याला तेवढं एक समाधान मिळालं असतं. पण मंडपात त्यांच्या हातून माइक काढून घेतल्यापासून मला त्यांच्यासमोर धड वर पाहता येत नव्हतं. त्यात हे आणखी एक मला पेललं नसतं.

"पाहिला, काका," मी म्हटलं. "कोपऱ्यातच दिसतो. सगळेच पाहतात."

काकूंनी सुस्कारा सोडला. "नोकरी आहे तिची," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखं नाही."

"माझीही नोकरीच होती," काका म्हणाले.

ते रागावतील असं वाटलं होतं. ते उठले, चाचपडत कपाटापाशी गेले, काकूंच्या साडीचं रिकामं खोकं काढलं आणि कात्री मागितली. त्यांना नीट कापता येईना. वेडीवाकडी का होईना, पुठ्ठ्याची एक पट्टी कापून त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"घे. कोपऱ्यावर लाव. आणि पुन्हा मोज."

"अर्धे पाठवून झालेत काका."

"मग सांग त्यायले."

"नोकरी जाईल माझी."

"माझी कुठे गेली?" ते म्हणाले. "मी सांगितलं तर कोणी ऐकलंच नाही."

मी सोमवारी लीडला सांगितलं. त्याने खुर्ची मागे रेलवली आणि म्हणाला, "अगं, एवढ्या मोठ्या डेटामध्ये तुझे चार फोटो. त्याने काय फरक पडते?" शब्द जवळजवळ तेच. तो वाईट माणूस नव्हता. काकांचा साहेबही वाईट माणूस नव्हता. मी जागेवर येऊन बसले आणि फोटो पाठवणाऱ्या संस्थेत आमचं काम पाहणाऱ्या बाईंना लिहिलं की आम्ही आकडा पाहून टिंबं दिली आहेत. 'मी' लिहिण्याऐवजी 'आम्ही' लिहिलं, तेवढी भीती होतीच.

उत्तर आलं. आभार मानले होते. सगळं काम परत आलं, या वेळी कोपऱ्यात आकडा नव्हता. टीमची दिवाळीची सुट्टी गेली. गावी जायची तिकिटं रद्द झाली आणि ती कुणामुळे, ते सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या मेजावर कुणी डबा घेऊन येईना. जिने नक्कल करून हसवलं होतं, तिला आता कुणी हसवेना. नोकरी मात्र गेली नाही.

आकडा नसताना मोजणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. डोळा धावतो कोपऱ्याकडे, कोपरा रिकामा. मग माणूस एकटाच उरतो त्या रेघांसमोर. काही खड्यांवर मला आधीपेक्षा जास्त रेघा दिसल्या, काहींवर कमी. काहींवर मी सरळ लिहिलं, कळत नाही.

काम संपलं त्या आठवड्यात मी काटोलला जाऊन आले. बाबांनी पिशवीत संत्री भरून दिली. म्हणाले, "त्या साहेबासाठी नाही हां, काकूसाठी." मी पिशवी घेऊन खाली गेले. काका ओट्यावर ऊन खात बसले होते. आता त्यांना कडेचंही फारसं दिसत नव्हतं.

"काका, पुन्हा मोजून झालं," मी म्हटलं.

त्यांचा हात आपोआप वर आला. "वाढले की कमी झाले, ते नको सांगू मले. ते ज्यायचं त्यायले पाहू दे." मग त्यांनी विचारलं, "आधी पाहिलं नव्हतं ना?"

"नाही काका."

ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसू लागले. त्या चष्म्याचा त्यांना काही उपयोग उरला नव्हता, तरी पुसत राहिले. मंडपातल्या त्या संध्याकाळची माफी मागावी, असं माझ्या मनात होतं. शब्द जुळवूनही आले होते. पण ते तोंडातून फुटले नाहीत. मी पिशवीतून एक संत्रं काढून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते तळहातावर तोललं, नाकाशी नेलं, साल काढली. एक फोड सुटी करून बोटांत धरली आणि तोंडाशी नेता नेता थांबले.

"गोड आहे का वं?" त्यांनी विचारलं.

एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला कधी काही आधी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात काकू थबकल्या. त्याच झाडाचं संत्रं मी सकाळी बागेत खाल्लं होतं, मला चांगलं माहीत होतं.

"खाऊन पाहा, काका," मी म्हटलं.